पिनकोड पाठ आहे, पण पोस्टाचा साहेब कोण ते सांगा बरं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टपाल दिनाच्या निमित्तानं तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोस्टावर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. छान होतं, लाल पेटीचा फोटो, पत्रं लिहायची मजा गेली वगैरे. ते दरवर्षी येतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात एका चौकटीत पिनकोड ज्यांनी आणला त्या श्रीराम भिकाजी वेलणकरांबद्दल लिहिताना "टपाल खात्याचे तत्कालीन डायरेक्टर जनरल" असं छापून आलंय ते चुकीचं आहे. वेलणकर डीजी, म्हणजे खात्याचे सगळ्यात वरचे साहेब, नव्हते. ते दळणवळण मंत्रालयात अ‍ॅडिशनल सेक्रेटरी होते आणि पोस्ट अँड टेलिग्राफ बोर्डाचे सीनियर मेंबर. एवढी एक ओळ दुरुस्ती म्हणून छापलीत तरी चालेल असं म्हणून पत्र लिहायला बसलो, पण मग वाटलं की ही चूक का होते ते पण सांगावं. आपल्याकडे काही चांगलं झालं की ते सगळ्यात वरच्या खुर्चीतल्या माणसानंच केलं असणार असं आपण धरूनच चालतो, आणि गंमत म्हणजे पोस्टाच्या त्या वरच्या खुर्चीत कोण कोण बसून गेलं हे विचारलं तर शंभरातल्या एकालाही एक नाव सांगता येत नाही. मी विचारून पाहिलंय, सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये. रेल्वेमंत्री सगळ्यांना माहीत, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर माहीत, पोस्टाचं विचारलं तर सगळे गप्प, एकजण म्हणाला "पोस्टमास्तर असेल ना कोणीतरी".

माझे वडील नागपूरला आरएमएस मध्ये, म्हणजे रेल्वेतून डाक नेणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, पत्रं निवडून लावणारे सॉर्टर होते, एफ डिव्हिजन, म्हणून हे सगळं घरात लहानपणापासून ऐकलेलं आहे आणि नंतर स्टॅम्प जमवायच्या नादात थोडं वाचन पण झालं. तेवढ्यावरच लिहितोय, मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही.

सुरुवात तशी कलकत्त्याची. क्लाईव्हनं १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची डाक जरा नियमित केली पण ती कंपनीच्या कामापुरती. वॉरन हेस्टिंग्जनं १७७४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली, शंभर मैलाला २ आणे, त्यासाठी तांब्याची तिकिटं काढली, आणि कलकत्त्यात पोस्टमास्टर जनरल नेमला. म्हणजे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन त्यांचा पहिला पोस्टमास्टर जनरल झाला १७७५ ला, त्याच्या एक वर्ष आधी. तिकडे पोराटोरांना फ्रँकलिन माहीत असतो, त्यांच्या १८४७ च्या पहिल्या ५ सेंटच्या स्टॅम्पवर त्याचंच तोंड आहे. आपल्याकडे पुढची ऐंशी वर्षं प्रत्येक प्रांताचा पोस्टमास्टर वेगळा, दर वेगळे, सगळ्यांच्या वर असा एक माणूसच नाही. कलकत्त्याहून मुंबईला पत्र पाठवायचं तर तोळ्याला १ रुपया! त्या काळचा रुपया बरं का.

त्या काळातला सगळ्यात हुशार माणूस कोण म्हणाल तर माझ्या मते बार्टल फ्रेअर, आणि तो पोस्टाचा नोकरच नव्हता. सिंधचा कमिशनर होता, सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. त्यानं कराचीत १ जुलै १८५२ ला अर्ध्या आण्याचा स्टॅम्प काढला, सिंध डाक, आशियातला पहिला चिकटवायचा स्टॅम्प. पायी पळणाऱ्या हरकाऱ्यांच्या जागी घोडे आणि उंट घातले. देशभर एक पद्धत ठरायची वाट बघत बसला असता तर आणखी दोन वर्षं तशीच गेली असती. पहिला स्टॅम्प लाल लाखेच्या चकतीवर उठवलेला होता, तो हातात घेतला की तडकायचा, म्हणून मग कागदावर निळा आणि पांढरा काढला. आज तो लाल वाला अख्खा मिळणं म्हणजे लॉटरीच. हाच फ्रेअर पुढे १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, फोर्टच्या भिंती पाडल्या, फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. मुंबईकर रोज तिथून जातात.

मग आलं १८५४. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वेळी नवीन कायदा झाला, १ ऑक्टोबरपासून सगळा देश एका खात्याखाली आणि त्याच्यावर एक डायरेक्टर जनरल. पहिले डीजी रिडेल. तेव्हा पोस्ट ऑफिसं होती ७०१. अंतर कितीही असो, पाव तोळ्याचं पत्र अर्धा आणा, म्हणजे तोच कलकत्ता मुंबई एक तोळा आता २ आण्यात. रुपयाचे २ आणे झाले म्हणजे आठवा हिस्सा. हे नुसतं वाचून कळत नाही, असं समजा की आज तुमचं ४०० रुपयाचं रिचार्ज उद्या ५० रुपयाला झालं. ह्याच्या मागे आधी नेमलेल्या कमिशनचा रिपोर्ट होता, रिडेल साहेबांनी एकट्यानं स्वप्नात बघितलं असं काही नाही, पण करून दाखवलं त्यांनी.

नंतरच्या साहेबांकडे बघताना मला एक गोष्ट जाणवते. खुर्चीत माणूस टिकायचा. मॉन्टीथ जवळजवळ १८७० चं दशकभर होते, त्यांच्या वेळी व्हीपीपी, म्हणजे पार्सल घेताना पैसे द्यायची सोय, आली १८७७ मध्ये, आणि पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ मध्ये. त्यांच्यानंतर हॉग, ते १८८० च्या दशकात बहुतेक काळ. मनीऑर्डर १८८०, सेव्हिंग बँक १८८२, पोस्टाचा विमा १८८४. चार वर्षात तीन धंदे! आणि तीनही आज चालू आहेत, फक्त मनीऑर्डरचं रूप बदललं. मग फॅनशॉ, ते तर सतराएक वर्षं. १८९८ चा पोस्टाचा कायदा त्यांच्या काळातला, तो आपण परवा परवा पर्यंत वापरला. हे लोक फार थोर होते असं नाही, गोरे साहेब होते, पगार भरपूर, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी. पण एक काम चालू करायचं, ते बिघडलं की आपणच निस्तरायचं, एवढा वेळ त्यांना मिळायचा. मनीऑर्डर चालू केली आणि पुढच्या वर्षी साहेब बदलला असता तर काय झालं असतं ते सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता ह्याची दुसरी बाजू. ह्या खुर्चीत हिंदी, म्हणजे आपला भारतीय, माणूस बसूच शकत नव्हता. दीनबंधू मित्र, ज्यांनी नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांवर नाटक लिहून खळबळ उडवली, ते पोस्टात होते. बंगालभर फिरून पोस्टं तपासायची नोकरी, तब्येतीची वाट लागली, १८७१ मध्ये लुशाईच्या, म्हणजे आताच्या मिझोरामच्या, लष्करी मोहिमेत डाक लावून दिली म्हणून रायबहादूर केलं, आणि दोन वर्षात ऐन चाळिशीत गेले. त्यांचे दोस्त बंकिमचंद्र, ते स्वतः सरकारी नोकरीत, त्यांनी लिहून ठेवलंय की हा माणूस बंगाली नसता तर मरायच्या किती तरी आधी पोस्टमास्टर जनरल झाला असता आणि पुढे डायरेक्टर जनरल पण. मला तर हे वाचून वाटलं की पोस्टाच्या सगळ्या इतिहासात एवढं स्पष्ट कोणी बोललं नसेल.

थोडी फट पडली ती १८८१ मध्ये. आग्र्याचे राय सालिगराम, पोस्टात कारकून म्हणून लागले होते १८४७ मध्ये, चढत चढत वायव्य प्रांताचे, म्हणजे आताच्या यूपीचे पोस्टमास्टर जनरल झाले. त्या हुद्द्यावरचे पहिले हिंदी. गंमत अशी की हेच राधास्वामी पंथाचे मोठे गुरू, हुजूर महाराज. १८८७ ला नोकरी सोडली आणि सत्संगात पूर्ण वेळ. म्हणजे दिवसा डाकेच्या फायली आणि संध्याकाळी शिष्यांची गर्दी, कसं जमवलं असेल देव जाणे, इथे रिटायर होऊन मला बँकेचं केवायसी जमत नाही.

पण पूर्ण देशाचा डीजी हिंदी व्हायला १९३० चं दशक उजाडलं. सर गुरुनाथ व्यंकटेश बेवूर. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, आयसीएस, आणि नोकरी आमच्या जुन्या मध्य प्रांतात. तोवर १९१४ मध्ये पोस्ट आणि तार एका साहेबाखाली आलं होतं त्यामुळे हे डीजी म्हणजे दोन्हीचे. बाबा नोकरीला लागले तेव्हा जुने सॉर्टर अजून "बेवूर साहेब, बेवूर साहेब" करायचे म्हणे. त्यांचे चिरंजीव जनरल गोपाळ बेवूर १९७३ मध्ये लष्करप्रमुख झाले ते बऱ्याच जणांना माहीत असतं, वडिलांचं कोणी सांगत नाही. पहिला हिंदी हायकोर्ट जज्ज कोण हे स्पर्धा परीक्षेला विचारतात, पहिला हिंदी पोस्टाचा डीजी विचारलेला मी तरी कधी बघितला नाही.

नेतृत्व म्हटलं की वरचीच माणसं का धरायची? ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या ग्रेडच्या लोकांनी देशभर संप केला, त्यांचे अध्यक्ष व्ही. जी. दळवी, आणि २२ जुलैला मुंबईत त्यांच्या पाठिंब्याला इतर कामगार उतरले. त्या वेळच्या डीजीचं नाव मी संपाबद्दल वाचताना एकदा वाचलं होतं आणि विसरलो, दळवींचं लक्षात राहिलं. ह्यातच काय ते आलं.

स्वातंत्र्यानंतर पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई. हे आमच्या घरातलं लाडकं नाव, कारण नागपूर. १९४९ मध्ये त्यांनी रात्रीची विमान डाक सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि सकाळी आपापल्या गावी परत. एप्रिलपासून तर साधं पत्र जादा पैसे न घेता विमानानं जायला लागलं. नकाशा काढून बघा, ह्याच्यासाठी नागपूरशिवाय दुसरी जागाच नाही. बाबांची काही वर्षं तिथे नाईट लागायची. मी सात आठ वर्षाचा असताना एकदा हट्ट करून सोबत गेलो होतो, थंडीचे दिवस, बाबांच्या कोटात गुंडाळून एका रिकाम्या पोत्यावर मला बसवलं होतं. एकेक डाकोटा विमान उतरायचं, पंखे थांबायच्या आधीच हातगाड्या पळायच्या, एकजण लेबल वाचून ओरडायचा "मद्रास, मद्रास, कलकत्ता" आणि पिशवी हवेतच एका हातातून दुसऱ्या हातात. मला कोणती पिशवी कुठे गेली काही कळेना. पण तासाभरात सगळं सामसूम, विमानं गेलेली, आणि ही माणसं चुलीभोवती बिड्या ओढत बसलेली. किडवाई साहेब तेव्हा जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी बाबांचे एक जोडीदार म्हणाले ते मला अजून आठवतं, "मंत्री असावा तर असा, त्यानं घड्याळ बघून योजना केली".

किडवाई पण डीजी नव्हते, वेलणकर पण नव्हते. आता वेलणकरांवर येतो. कोकणातला माणूस, संस्कृतचा पंडित, संस्कृतात पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, आणि नोकरी पोस्टात. अडचण काय होती तर एकाच नावाची शंभर गावं. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती, औरंगाबाद तेव्हा इथे पण आणि बिहारमध्ये पण, बिलासपूर हिमाचलात पण आणि तिकडे छत्तीसगडात पण. त्यात पत्ता कोण बंगालीत लिहिणार, कोण तमिळमध्ये, कोण डॉक्टरच्या अक्षरात. त्यावर वेलणकरांचा उपाय म्हणजे पिनकोडचे सहा आकडे. पहिला आकडा झोनचा, पहिल्या तीन आकड्यांवरून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे ते पोस्ट ऑफिस. आठ झोन नकाशावरचे आणि नववा मिलिटरीचा. आपला ४, म्हणून मुंबई जीपीओ ४००००१, पणजी ४०३००१, पुणे ४११००१, आमचं नागपूर ४४०००१. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू.

बाबांना पहिल्यांदा भयंकर राग आला होता पिनकोडचा. साहजिक आहे, मेल व्हॅनमध्ये उभं राहून सॉर्टिंग करणारा माणूस, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, अंगठ्यानं एकेक पत्र पुढे सरकवायचं आणि उजव्या हातानं समोरच्या खणात टाकायचं, खणाकडे न बघता, गाडी हलतेय तरी. त्यांना विदर्भातली गावं, त्यांचं सब ऑफिस कुठलं, बॅग कुठल्या स्टेशनवर उतरते हे सगळं तोंडपाठ. "आम्ही काय झोपा काढत होतो का इतके दिवस", म्हणाले. सहा महिन्यात पूर्ण पलटले. घरात कोणाचंही पाकीट आलं, कोणीही पत्र टाकायला निघालं, की हे बॉलपेन घेऊन आधी पिनकोड लिहिणार. लग्नाच्या पत्रिकांवर पण. माझ्या सासऱ्यांनी पाठवलेल्या पत्रावर पिनकोड नव्हता तर त्यांना उलट टपाली कळवलं होतं, आमची सौ. अजून सांगते ते.

म्हणून वेलणकरांना डीजी म्हटलेलं मला खटकतं. त्यांना बढती देऊन आपण त्यांचा मान वाढवत नाही, उलट खरी गोष्ट झाकतो. खरी गोष्ट ही की १९५९ पासून पोस्ट आणि तारेचं एक बोर्ड होतं, त्या बोर्डावरचा एक मेंबर टपालाची गाठ सोडवायला बसला आणि वरच्यांनी त्याला बसू दिलं, आडवं कोणी आलं नाही. चांगल्या साहेबाचं अर्धं काम तेच असतं.

आता सध्याचं. १९८५ मध्ये पोस्ट आणि टेलिकॉम वेगळं झालं. आता पोस्टाच्या बोर्डाचे चेअरमन म्हणजे पोस्टाचे सेक्रेटरी, आणि डायरेक्टर जनरल पोस्टल सर्व्हिसेस वेगळे. १९८६ ला स्पीड पोस्ट आलं, २०१८ मध्ये पेमेंट्स बँक, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आपली रजिस्ट्री, म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्टात मिसळली. १८९८ चा तो फॅनशॉच्या वेळचा कायदा जाऊन २०२३ चा नवीन आला, १८ जून २०२४ पासून लागू. नवीन कायद्यात डीजीला चांगलंच बळ दिलंय, सेवा कुठल्या आणि दर किती ह्याचे नियम डीजी करू शकतात. पत्रं नेण्याचा सरकारचा एकाधिकार मात्र त्यात राहिला नाही, स्टॅम्प काढायचा तेवढा राहिला. म्हणजे बाजारात कुरिअरवाल्यांसमोर उतरायचं आहे, दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं सांभाळायची आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यात. स्वातंत्र्याच्या वेळी २३,३४४ होती. एवढा पसारा ज्याच्या हातात तो माणूस बहुतेकदा सीनियॉरिटीच्या रांगेत उभा राहून रिटायरमेंटच्या तोंडावर त्या खुर्चीत पोचतो, सत्काराचे हार सुकायच्या आत निरोपाचे हार. माणसं हुशार असतात, पोस्टल सर्व्हिसची परीक्षा पास होऊन आलेली, पण वर्ष दीड वर्षात कोण काय करणार? हॉगला वर्ष दीड वर्ष मिळालं असतं तर सेव्हिंग बँक आली नसती, एवढं नक्की. मला विचाराल तर पोस्टाच्या प्रमुखाला निदान पाच वर्षं एका जागी ठेवा, आणि वय थोडं लहान असताना ठेवा. कायदा बदलताना हे घालता आलं असतं. संसदेत चर्चा झाली ती पाकिटं उघडून बघायच्या अधिकारावर, ती व्हायलाच हवी होती, पण ह्या मुद्द्यावर कोणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या ऑक्टोबरमध्ये टपाल सप्ताहाला ती लाल पेटी एक वर्ष राहू द्या. त्याऐवजी रिडेलपासून आजपर्यंत कोण कोण डीजी झाले, किती दिवस राहिले आणि त्यांच्या काळात काय सुरू झालं असा साधा तक्ता छापा. एका पानात बसेल. इंग्रजांच्या काळातला भाग मी कच्चा करून देऊ शकतो, पुढचं तुमच्या दिल्लीच्या वार्ताहराला मिळवता येईल. आणि तक्त्याखाली, खुर्चीत न बसलेले म्हणून, फ्रेअर, दीनबंधू, दळवी, किडवाई, वेलणकर. बस.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर

ता.क. - तुमच्या पत्रव्यवहाराच्या सदराखाली ऑफिसचा पत्ता छापता त्यात पिनकोड नाही. गेली काही वर्षं बघतोय. तेवढा टाका, मी पाकिटावर माझ्या हातानं लिहिलाय.